आधी उशी, मग पलंग, गादी शेवटी: गोव्याच्या दमट हवेत पाठ-मान न आखडता झोपायचं कसं

पाठ दुखायला लागली की आपण पहिल्यांदा गादीला शिव्या घालतो, मग कुठंतरी सेल लागला की नवी गादी उचलून आणतो आणि महिन्याभराने लक्षात येतं की दुखणं आहे तिथंच आहे, फक्त हप्ता नवीन सुरू झालाय. आमचा फोंड्याला फर्निचरचा धंदा, पलंगाची मापं घ्यायला लोकांच्या बेडरूममध्ये जावं लागतं, त्यामुळे हे कितीतरी घरांत बघायला मिळतं. गादी चांगलीच असते हो, पण डोक्याखाली दोन उशा एकावर एक रचलेल्या, खाली बॉक्स बेडची सलग प्लायवूड, आणि गादीवर कंपनीचं प्लास्टिक अजून तसंच. मग ती गादी बिचारी काय करणार.

म्हणून माझा क्रम उलटा आहे. आधी तुम्ही झोपता कसे ते बघायचं, मग उशी, मग गादीच्या खाली काय आहे ते, आणि हे सगळं झाल्यावर उरलेल्या पैशात गादी. शिवाय आपण राहतो गोव्यात. इथं वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वरच. इंटरनेटवर जे गाद्यांचे रिव्ह्यू असतात ते बरेचसे दिल्ली-बंगळूरकडच्या लोकांनी केलेले, तिकडच्या हवेत झकास चाललेली गादी इथं दोन पावसाळ्यात कुबट मारायला लागू शकते. तर खाली जे लिहितोय ते आपल्याकडची घरं डोळ्यासमोर ठेवून.

पहिलं काम: दोष झोपेचा आहे का ते बघा

सकाळी उठल्यावर दुखतं आणि चहा-पाणी, आंघोळ होईपर्यंत मोकळं होतं, किंवा सासुरवाडीला, हॉटेलात दुसऱ्या पलंगावर झोपलात की बरं वाटतं, तर अंथरुणात काहीतरी गडबड आहे. उलट सकाळी ठीक आणि संध्याकाळी कंबर धरते, तर दिवसभर काय करता ते बघा. पायलटचा, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीचा, धंदा करणारा माणूस दिवसभर मोटरसायकलवर खड्डे खातो, वेर्ण्याच्या फॅक्टरीत कोणी आठ तास उभा असतो, कोणी लॅपटॉप मांडीवर घेऊन सोफ्यात रुतलेला असतो, या दुखण्याला कितीही महाग गादी पुरी पडणार नाही.

आणि काही गोष्टींत गादी-बिदी बाजूला ठेवून सरळ डॉक्टरकडे जायचं. पायात बधिरपणा किंवा ताकद कमी होणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं (यात तर त्याच दिवशी, उद्या बघू नाही), पडल्या-आपटल्यावर सुरू झालेलं दुखणं, सोबत ताप किंवा कारण नसताना वजन उतरणं, कॅन्सरची जुनी हिस्टरी. अजून एक प्रकार तरुण लोकांत दिसतो आणि घरचे "मोबाईल कमी कर" म्हणून सोडून देतात, पंचविशी-तिशीतला मुलगा, पहाटे दुखण्यानं जाग येते, सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ कंबर आखडलेली, चाललं-फिरलं की बरं आणि आराम केला की उलट जास्त, आणि हे तीन-तीन महिने चाललेलं. हा सांध्यांच्या सुजेचा आजार असू शकतो, तो गादीनं जात नाही, त्याला तपासणी आणि औषध लागतं. आपल्या डॉक्टरला दाखवा नाहीतर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) ओपीडीला जा.

दुसरं: तुम्ही झोपता कसे

"मी सरळ उताणा झोपतो" असं बहुतेक सगळे सांगतात, आणि बायकोला विचारलं की ती हसते. घरच्यांनाच विचारा, किंवा सकाळी डोळे उघडल्याबरोबर न हलता बघा आपण कुठल्या कुशीवर आहोत. मोठ्या माणसांत रात्रीचा जास्त वेळ कुशीवर झोपणारेच जास्त असतात. रात्रभर एकाच स्थितीत कोणी राहत नाही आणि राहूही नये, कूस बदलणं चांगलंच असतं, त्यानं एकाच जागेवर दाब राहत नाही. त्यामुळे "बरोबर पोझ" म्हणून स्वतःला बांधून घ्यायचं नाही. एवढंच बघायचं की ज्या कुठल्या स्थितीत जास्त वेळ जातो तिथं मणका वाकडा-तिकडा लटकत नाही ना.

कुशीवर झोपणाऱ्यांसाठी एक साधी तपासणी आहे, पैसे लागत नाहीत. घरात टिकल्यांचं पाकीट असतंच. शर्ट काढून किंवा पाठ उघडी राहील असं काहीतरी घालून बसायचं, मान थोडी खाली घातली की मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं तिथून खाली कमरेपर्यंत मणक्याच्या मधोमध चार-चार बोटांवर एकेक टिकली लावून घ्यायची, घरातल्या कुणाकडून तरी. मग नेहमीच्या उशीवर, नेहमीच्या गादीवर, नेहमीसारखं कुशीवर आडवं व्हायचं, दोन मिनिटं अंग सैल सोडायचं आणि मागून फोटो काढायला सांगायचा. मोबाईल पलंगाच्या उंचीवर आणि सरळ धरायचा, वरून तिरका काढला तर फोटो खोटं बोलतो. टिकल्यांची रेघ पलंगाच्या कडेला साधारण समांतर दिसली तर तुमचं सगळं ठीक आहे. मानेकडची टिकली वर चढलेली दिसली तर उशी जाड, खाली उतरलेली दिसली तर उशी पातळ. मधल्या टिकल्या खाली झोळीसारख्या लोंबल्या तर गादी मऊ पडली आहे नाहीतर खालची फळी खचली आहे. खांद्याकडचा भाग वर उचललेला आणि कंबर खाली अधांतरी, तर गादी तुमच्या अंगाला फार कडक. हा एक फोटो हातात असला ना, की दुकानदार काय वाटेल ते सांगो, तुम्हाला माहीत असतं आपल्याला काय हवंय.

कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी घ्या, म्हणजे वरचा पाय पुढे पडून कंबर पिळली जात नाही. ती उशी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पोचेल एवढी लांब असली तर उत्तम, नुसती गुडघ्यात अडकवलेली छोटी उशी रात्री कुठंतरी पायाशी सापडते. खालचा हात उशीखाली घालून त्यावर डोकं ठेवायची सवय असेल तर ती मोडा, हाताला मुंग्या येतात त्या यानंच, आणि बऱ्याचदा हात उशीखाली जातो कारण उशी पातळ असते. वरच्या हाताला पण आधार पाहिजे, एक लोड छातीशी धरला की खांदा पुढे ओघळत नाही. खांदा आखडलेला असेल, ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात, त्यांनी त्या बाजूवर झोपूच नये आणि दुखरा हात त्या लोडावर ठेवावा.

उताणं झोपणाऱ्यांना गुडघ्याखाली एक उशी किंवा गुंडाळलेली चादर, बस. गुडघे थोडे वर आले की कमरेचा ताण कमी होतो. घोरणाऱ्यांनी मात्र उताणं टाळलेलं बरं, जीभ आणि घशाचा मऊ भाग मागे पडून वाट अरुंद होते. आणि नुसतं घोरणं नसून मध्येच श्वास थांबतो, मग धापकन पुन्हा सुरू होतो, दिवसा गाडी चालवताना पेंग येते, असं असेल तर कूस बदलून भागत नाही, झोपेची तपासणी करून घ्या.

पालथं झोपणं सगळ्यात वाईट, कारण श्वास घ्यायला मान एका बाजूला पूर्ण वळवून तासन् तास ठेवावी लागते आणि पोट गादीत रुतून कंबर आत जाते. पण ही सवय रागावून जात नाही. आधी डोक्याखालची उशी काढा किंवा अगदी पातळ करा, आणि ओटीपोटाखाली एक पातळ उशी घाला. ते जमलं की एक मोठा लोड कुशीत घेऊन त्यावर अर्धं पालथं झोपायला लागा, पोटाला काहीतरी टेकलेलं पाहिजे असतं या लोकांना, ते लोडानं मिळतं. हळूहळू कुशीवर येता.

काही लोकांचं वेगळं गणित असतं. रात्री उशिरा तिखट हुमण (माशांची आमटी) आणि भात खाऊन लगेच आडवं झालं की ज्यांना आंबट पाणी वर येतं त्यांनी डाव्या कुशीवर झोपावं, पोटाची ठेवण अशी आहे की डावीकडे झोपल्यावर आम्ल अन्ननलिकेच्या तोंडाच्या खाली राहतं. तेवढ्यानं भागलं नाही तर पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली ६ इंची लाकडी ठोकळे द्या. उशा रचून डोकं उंच केलं तर शरीर पोटातच दुमडतं आणि उलट जास्त त्रास होतो. जेवण आणि झोप यात तीन तासांचं अंतर पण ठेवा, नाहीतर ठोकळे काय करणार. गरोदर बायकांनी २८ आठवड्यांनंतर कुशीवर झोपी जावं, डावी-उजवी कुठलीही चालते, रात्री जाग आल्यावर उताणं असल्याचं कळलं तर घाबरायचं नाही, पुन्हा कुशीवर व्हायचं.

आणि तान्ही बाळं. आपल्याकडे डोकं गोल यावं म्हणून राईची उशी देतात, आजी मोठ्या हौसेनं शिवते. पण बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असा आहे की वर्षाच्या आतल्या बाळाला उताणं, सपाट आणि घट्ट अंथरुणावर निजवायचं, आजूबाजूला उशी, लोड, जाड दुपटं काही नको, कारण नाक-तोंड दबायची भीती असते. राईची उशीही त्यात आलीच. आजीचं मन मोडायचं नसेल तर तिच्याकडून झबली शिवून घ्या, उशी नको.

तिसरं: उशी

पाचशे-हजार रुपयात जो फरक पडायचा तो इथं पडतो, म्हणून माझा आग्रह की गादीला हात लावायच्या आधी उशी बदलून पंधरा दिवस बघा.

उशीचं काम डोकं उंच करणं नाही, मान आणि गादी यांच्यातली पोकळी भरणं आहे. कुशीवर झोपणाऱ्याला ही पोकळी मोठी, त्याला जाड उशी. उताण्याला पातळ. माप घ्यायचं तर भिंतीला एक खांदा टेकवून, मान सरळ ठेवून उभं राहायचं आणि कुणालातरी कान ते भिंत हे अंतर मोजायला सांगायचं. समजा साडेपाच इंच आलं, तर गादीत खांदा जेवढा रुततो तेवढं त्यातनं वजा, कडक गादी असेल तर अर्धा-एक इंच, मऊ असेल तर दीड-दोन. उरेल ती तुमच्या उशीची जाडी, म्हणजे डोकं ठेवल्यावर दबून राहणारी जाडी, दुकानातली फुगलेली नाही. रुंद खांद्याच्या पुरुषाला आणि बारीक चणीच्या बाईला एकच जोडी-उशी कशी चालेल सांगा, पण सेट म्हणून दोन सारख्याच घेतो आपण.

खांदा उशीवर ठेवायचा नाही, खांदा गादीवर आणि उशी मानेत सरकवलेली. निम्म्या घरांत उशी पाठीपर्यंत ओढून घेतलेली असते.

कशाची घ्यायची? कापसाची उशी हवेशीर असते पण आपल्या दमट हवेत गोळे होतात, दरवर्षी पिंजून घ्यावी लागते आणि पिंजारी आता कुठं दारावर येतो. सावरीचा कापूस मऊ आणि हलका, पण लवकर चपटा होतो, उताण्या झोपणाऱ्याला बरा. पॉलिएस्टर फायबरची उशी स्वस्त, मशीनला धुता येते, आमच्याकडे धुता येणं हाच मोठा गुण, फक्त दीड-दोन वर्षांत बसते. बसली की नाही ते बघायचं तर मधोमध दुमडून सोडा, उलगडून सरळ झाली नाही तर ती उशी संपली. मेमरी फोमची उशी आकार छान धरते पण गरम होते आणि धुता येत नाही. लॅटेक्सची (रबराच्या चिकापासून केलेली) महाग, आत भोकं असल्यानं हवा खेळते, टिकते. माझं मत विचाराल तर कुशीवर झोपणाऱ्यानं लॅटेक्स, नाहीतर चांगल्या भरावाची फायबर उशी ज्यातला भराव चेन उघडून कमी-जास्त करता येतो ती घ्यावी.

चौथं: गादीखाली काय आहे

इथं माझ्याच धंद्याविरुद्ध बोलणार आहे. गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य "आतून स्टोरेज पाहिजे". फ्लॅट लहान, सामान जास्त, मला समजतं. पण बॉक्स बेड म्हणजे चारी बाजूंनी बंद पेटी, वर सलग प्लाय, त्यावर गादी, आत जुनी पांघरुणं आणि लग्नातली भांडी. रात्रभर अंगाचा घाम आणि वाफ गादीतून खाली जाते आणि प्लायवर अडते. जुलैत गादी उचलून बघा, खालच्या कापडावर खांद्याच्या आणि कमरेच्या जागी काळे बारीक ठिपके दिसतील, हात लावला तर कापड गारढोण आणि किंचित ओलं. ती बुरशी. शिंका, सकाळी नाक चोंदणं, दमा असणाऱ्यांना धाप, याचं मूळ कितीदा तिथं असतं.

बॉक्स बेड आहेच तर मोडू नका. सुताराला सांगून वरच्या प्लायला फूटभर अंतरावर इंचभर व्यासाची भोकं मारून घ्या, आणि पायाकडच्या बाजूला पण चार-सहा. भोकांच्या कडा घासून गुळगुळीत करायला सांगा, नाहीतर गादीचं कापड फाटतं. पेटी पूर्ण ठासून भरू नका.

नवीन करणार असाल तर पट्ट्यांचा पलंग करा. दोन पट्ट्यांमधलं अंतर २ ते ३ इंच, त्याहून जास्त ठेवलं तर फोमची गादी फटीत उतरते. डबल बेडला मधून एक आडवा दांडा आणि त्याला जमिनीपर्यंत पाय हवाच, तो नसतो म्हणून पट्ट्या मध्ये वाकतात आणि नवरा-बायको दोघे रात्रभर मध्ये घरंगळतात आणि दोष गादीला. तपासायचं असेल तर गादी काढून पलंगावर एक लांब सरळ काठी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी आडवी ठेवा, खाली मध्ये बोट जात असेल तर आधी पलंग दुरुस्त.

जुन्या घरांत आजोबांच्या काळातले शिसवी पलंग असतात, भक्कम, उंच, खालून वारा मोकळा, मला विचाराल तर याहून चांगलं काही नाही. पण त्यांची मापं आजच्या ७२ बाय ३६ किंवा ७८ बाय ७२ मध्ये बसत नाहीत. आतल्या बाजूनं लांबी-रुंदी तीन-तीन ठिकाणी मोजा, लाकूड फुगून-आकसून फरक पडलेला असतो, आणि सगळ्यात लहान मापाची गादी करून घ्या. ऑनलाइन मागवायची असेल तर जिन्याचं वळण पण मोजा.

जमिनीवर झोपणारे पुष्कळ आहेत आपल्याकडे. एप्रिल-मेमध्ये चटई टाकून गार जमिनीवर झोपायचं सुख वेगळंच, ज्यांची पाठ तक्रार करत नाही त्यांनी खुशाल झोपावं. पावसाळ्यात मात्र तळमजल्याच्या घरात जमिनीतून ओल वर येते, चिऱ्याच्या भिंती पण ओल धरतात, तेव्हा गादी जमिनीवर पसरून ठेवायची नाही, रोज सकाळी उभी करून ठेवायची. आणि गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना जमिनीवर झोपवू नका, उठताना जे हाल होतात त्यात तोल जातो. त्यांच्या पलंगाची उंची एवढी हवी की कडेला बसल्यावर पाय पूर्ण टेकतील आणि गुडघा काटकोनात राहील, गादी धरून साधारण १८ ते २० इंच.

पलंग बाहेरच्या भिंतीला, त्यातून पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीला चिकटवू नका. चार बोटं जागा सोडा.

पाचवं: आता गादी

"पाठ दुखतेय? फळीवर झोप." हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ लोकांवर एक अभ्यास झाला, २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला, त्यात निम्म्यांना कडक आणि निम्म्यांना मध्यम-कडक गाद्या दिल्या आणि ९० दिवसांनी बघितलं, तर मध्यम-कडकवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं. कारण सोपं आहे, फळीवर खांदा आणि नितंब टेकतात आणि कंबर अधांतरी राहते. फार मऊ गादीत उलटं, नितंब रुततात. म्हणजे पाहिजे मधलं. पण मधलं हे वजनावर आहे. पन्नास किलोच्या माणसाला जी मध्यम वाटते ती नव्वद किलोवाल्याला मऊ पडते. कुशीवर झोपणाऱ्याला खांदा थोडा रुतायला वरचा थर जरा मऊ लागतो, उताण्याला थोडी कडक चालते.

लेबलवर "ऑर्थोपेडिक" लिहिलेलं असतं त्याला भुलू नका, या शब्दाला ठरलेलं असं काही माप नाही, कोणीही छापतं. दुकानदार तळहातानं दाबून दाखवतो त्यालाही अर्थ नाही, आपण हातावर झोपत नाही. चपला काढा, आपली उशी घरून घेऊन जा (लोक बघतात, बघू देत), आणि आपल्या नेहमीच्या कुशीवर दहा-पंधरा मिनिटं खरंच पडून राहा. उताणं असाल तर कमरेखालून हात सरकवून बघा, सहज आरपार गेला तर गादी कडक, जातच नाही तर मऊ, थोडं घासत गेला तर जमलं. मग कूस बदलून बघा, जोर लावावा लागला तर ती गादी तुम्हाला रुतवून ठेवते आहे. जोडीदाराला पण न्या. दोघांच्या वजनात खूप फरक असेल तर दोन सिंगल गाद्या शेजारी-शेजारी घाला, मधली फट दिसते म्हणून लोक नाकं मुरडतात पण दोघांची झोप सुधारते.

प्रकार काय काय ते बघू, सगळं आपल्या हवेच्या हिशोबानं.

कापसाची गादी गार, स्वस्त, दुरुस्त होणारी. पण दमट होऊन दबते, दर एक-दोन वर्षांनी पिंजून भरायला लागते. कडक ऊन मिळणारी गच्ची असेल आणि पिंजारी माहितीत असेल तरच.

काथ्याची गादी, म्हणजे नारळाच्या काथ्याला रबर लावून केलेली. हवा खेळते, कडक असते, गोव्यासारख्या हवेला तशी साजेशी. नुसती काथ्याची फार कडक वाटते आणि काही वर्षांनी मध्ये बसते, पण खाली काथ्या आणि वर इंच-दोन इंच लॅटेक्स किंवा चांगला फोम, ही जोडी मला आपल्याकडच्या मध्यम बजेटला सगळ्यात शहाणी वाटते.

साधा पीयू फोम घेताना डेन्सिटी विचारा. ३२ किंवा ४० म्हणतात ते एक घनमीटर फोमचं किलोत वजन. आकडा जास्त म्हणजे फोम जास्त टिकणार, कडक असणार असं नाही, दुकानातले बरेच जण या दोन गोष्टी मिसळतात. पाहुण्यांच्या खोलीला ३२ चालेल, रोजच्या झोपेला खालचा थर ४०च्या आसपास बघा. बिलावर आकडा लिहून घ्या.

मेमरी फोम मूळचा १९६६ साली अमेरिकेच्या नासासाठी विमानातल्या सीटकरता शोधलेला. तो उष्णतेनं मऊ होतो, हा त्याचा गुणच आहे, पण मे महिन्यात रात्री खोलीत ३० डिग्री असताना तो जास्तच मऊ होतो, अंगाला लपेटतो आणि घाम सुटतो. रोज एसी लावणाऱ्यांनी घ्यावा, पंख्यावर झोपणाऱ्यांनी वरचा थर इंचभरापेक्षा जास्त घेऊ नये.

स्प्रिंगच्या गादीत आत पोकळी, त्यामुळे हवा चांगली खेळते. पॉकेट स्प्रिंग घ्या, एकेक स्प्रिंग वेगळ्या पिशवीत असते, जोडीदार वळला तरी आपल्याला हलत नाही. समुद्राजवळ राहत असाल, मिरामार-कोलव्याकडे, तर खारी हवा स्प्रिंगला गंज चढवते, तिथं दोनदा विचार करा.

नैसर्गिक लॅटेक्स सगळ्यात महाग, जड, टिकाऊ, हवेशीर. परवडत असेल तर हेच. घरात कोणाला रबराची ॲलर्जी असेल तर नको.

हॉटेलातली जुनी गादी कोणी स्वस्तात देतो म्हणाला तर हात जोडा. ढेकूण एकदा घरात आले की गादीच्या दहापट पैसे त्यांच्यामागे जातात.

वॉरंटीचा कागद वाचा. बहुतेक ठिकाणी ठराविक खोलीच्या वर खड्डा पडला तरच बदलून देतात, आणि गादीवर डाग दिसला की हात वर करतात. बऱ्याच ऑनलाइन कंपन्या १०० रात्रींची ट्रायल देतात, ती घ्याच, आणि जमलं तर मे महिन्यात मागवा म्हणजे ट्रायलमध्येच उकाडा आणि पाऊस दोन्ही तपासून होतात.

पावसाळ्यातलं काम

कंपनीचं प्लास्टिक पहिल्या दिवशी काढून टाका. ओल लागू नये म्हणून ते ठेवतात लोक, पण अंगाचा घाम त्याच प्लास्टिकमध्ये अडकतो. डागांची भीती असेल तर वरून धुता येणारा, श्वास घेणारा टेरीचा (टॉवेलसारख्या कापडाचा) प्रोटेक्टर घाला, लहान मूल असेल तर वॉटरप्रूफ पण पातळ आणि वरून कापडी असलेला.

सकाळी उठल्याबरोबर पलंग नीटनेटका करून चादर ताणू नका, अर्धा तास पांघरूण बाजूला करून पंखा चालू ठेवा, वाफ उडू दे. आठवड्यातून एकदा गादीची एक बाजू उचलून भिंतीला टेकवा आणि पंखा खालच्या बाजूला मारा. एसी असेल तर दुपारी तासभर ड्राय मोडवर चालवा. श्रावणात दोन दिवस ऊन पडतं तेव्हा कापूस आणि काथ्याची गादी बाहेर काढा, लॅटेक्स आणि फोम मात्र थेट उन्हात नको, उन्हानं लॅटेक्स चुरा होतो, त्यांना सावलीत वारा द्या.

धुळीतले माइट्स नावाचे किडे डोळ्यांना दिसत नाहीत पण दमटपणा ५० टक्क्यांच्या वर गेला की वाढतात, आणि पावसाळ्यात आपल्याकडे तो त्याच्या खाली येणं कठीणच. म्हणून चादरी आणि अभ्रे आठवड्याला ६० डिग्रीच्या गरम पाण्यात धुवायचे, ऊन नसेल तर पंख्याखाली पूर्ण सुकवायचे, दमट अभ्रा घालण्यापेक्षा एक दिवस जुनाच राहिलेला बरा. अभ्र्यांचे तीन सेट ठेवा. बुरशीचे ठिपके नुसते कापडावर असतील तर पांढऱ्या व्हिनेगरनं ओलसर केलेल्या फडक्यानं पुसून लगेच वाळवा, आत फोममध्ये गेले असतील, वास जात नसेल, तर ती गादी ठेवू नका.

पहाटे परतून दिवसा झोपणारे, पोदेर (पाववाले) असोत की कॅसिनोत रात्रपाळी करणारे, त्यांना वरचं सगळं लागू आहेच, शिवाय खिडकीला जाड गडद पडदा लागतो. आणि दिवसा झोपणाऱ्याची गादी उकाड्यात वापरली जाते, त्यामुळे मेमरी फोम त्यांनी नकोच.

उठताना

झोपेत मणक्यातल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, सकाळी आपली उंची एक-दोन सेंटिमीटर जास्त असते ती यामुळेच. या फुगलेल्या चकत्यांवर पुढे वाकलं की ताण जास्त येतो. म्हणून उठल्या-उठल्या वाकून झाडू मारणं, पाण्याची कळशी उचलणं, पायाला हात लावायचे व्यायाम, हे सगळं तासभर पुढे ढकला. पलंगावरून उठताना सरळ कमरेतून उठून बसू नका, आधी कुशीवर वळा, गुडघे दुमडा, पाय खाली सोडा आणि त्याच वेळी हातानं अंग वर ढकला.

नवी गादी आल्यावर पहिले दोन-तीन आठवडे अंग थोडं कुरकुरतं, जुन्या खड्ड्याची सवय असते. महिना झाला तरी सकाळी दुखतंच तर टिकल्यांचा फोटो पुन्हा काढा आणि उशी बदलून बघा, नव्या गादीत खांदा वेगळा रुततो त्यामुळे जुनी उशी जाड किंवा पातळ पडलेली असते. फोम किंवा स्प्रिंगची गादी साधारण सात ते दहा वर्षं धरा, मध्ये इंच-दीड इंच खड्डा कायमचा दिसला तर त्याआधीच. जुनी गादी रात्री रस्त्याकडेला किंवा नाल्यात टाकणारे महाभाग आहेत, तसं करू नका, कापसाची असेल तर पिंजून तिच्या उशा आणि लोड होतात, फोमची असेल तर पालिका किंवा पंचायतीत विचारा मोठा कचरा कुठल्या दिवशी घेतात, आणि नेईपर्यंत ती कोरड्या जागी ठेवा, भिजलेली गादी दोघांना उचलत नाही.